हात गार आहे

एस्प्लनेडजवळच्या आमच्या क्लिनिकमध्ये नसांचा वेग मोजायचं नवं मशीन आलं. पहिला पेशंट घेण्याआधी घरच्या धडधाकट माणसावर ते तपासून बघायची माझी पद्धत, म्हणून रविवारी नवरा सलील आणि लेक आभा यांना घेऊन गेले. सलीलच्या हाताला पट्ट्या चिकटवताना आभाने विचारलं, "वेग कसला?" म्हटलं, "नसेवर वायरीसारखं आवरण असतं, त्यात मध्ये मध्ये फटी. संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत पळतो." "आणि आवरण खराब झालं तर?" "मग रांगतो." बटण दाबलं. सेकंदाला पन्नास मीटर यायला हवे होते, आले एकवीस. "हात गार आहे तुझा," मी म्हणाले. गारठ्याने वेग थोडाफार कमी येतो. "मे महिन्यात, कलकत्त्यात?" तो हसला. तरी त्याचा हात दहा मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवला. पुन्हा एकवीस. मशीनच बिघडलं असेल म्हणून माझा हात लावला. चोपन्न. सलीलच्या चपला चालता चालता पायातून निसटतात, यावरून घरात केवढी थट्टा चालते. आभाचीही, नऊ वर्षांची झाली तरी लंगडी घालताना दुसऱ्याच उडीला पडते, अगदी बापाच्या वळणावर गेलीय. ती खुर्चीवर चढून बसली, बाही वर केली. "आई, आता माझा." तिच्या हाताला बोटही न लावता मी मशीन बंद केलं. "तुझाही गारच आहे."