पांढरीतलं लेकरू

त्या एका सांगाड्यावर फणसळकर सरांना पुण्यात डॉक्टरेट मिळणार होती, आणि सोनाळ्याजवळच्या आमच्या गावातल्या चाळीस जणांना पावसाळ्यापर्यंत उत्खननात मजुरी. १९६७ च्या त्या उन्हाळ्यात तोटा कोणालाच दिसत नव्हता.

सरांनी भिंग लावून जबडा फिरवला. "सहा वर्षांचं मूल, दोन हजार वर्षांपूर्वीचं. दातांवरच्या या आडव्या रेषा पाहा. दोनदा फार उपाशी राहिलंय. मनगटाशी काळा मणीही आहे."

"दातात बी लिहेल रायते का हो, सायेब?" मातीच्या टोपल्या वाहणारी बेबीताई म्हणाली. "मंग माह्या सासूचे दात पाहा बरं. माह्या वाटचं सारं तिथंच निघन!"

बाया खिदळल्या. त्यांच्यातली पुष्पाबाई तेवढी त्या मण्याकडे पाहत राहिली. आमच्याकडे लहान लेकरं जाळत नाहीत, जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीत पुरतात आणि वर खूण ठेवत नाहीत. वर्षं लोटली की जागा फक्त मायला ठाऊक असते. पुष्पाबाई त्या मण्याबद्दल बोलली असती, तर गावानं त्याच दिवशी खोदकाम बंद पाडलं असतं.

"सायेब," तिनं विचारलं, "त्याच्या मायनं तवा काय खाल्लं, थे बी समजते काय?"

"त्याला आईची हाडं लागतील, बाई. ती आता कुठून आणू?"



संध्याकाळी सांगाड्याची पेटी जीपपर्यंत पुष्पाबाईनंच डोक्यावरून नेली. सरांची डॉक्टरेट झाली, चाळीस जणांचं काम चालू राहिलं, आणि लेकरू तिचं गेलं, दुसऱ्यांदा.