जवळपासचं वर्गमूळ

"माझे डोळे आता वर्गमूळ कितव्या दशांशापर्यंत काढतात?" जिमखान्याच्या बॅडमिंटन कोर्टवर रॅकेटची जाळी चाचपत आप्पांनी लेकीला विचारलं.

"तिसऱ्या," ऋजुता म्हणाली.

"म्हणजे उत्तर चूक."

"जवळपास बरोबर, आप्पा."

"जवळपासला मी चाळीस वर्षांत एकाही पोराला मार्क दिलेला नाही."

आप्पांचे कृत्रिम डोळे समोरच्या दृश्याचं चित्र रंगवताना त्यातल्या ठिपक्या-ठिपक्यासाठी दहा दशांशांपर्यंत वर्गमूळ काढत बसायचे. चित्र सुरेख दिसे, पण अर्धा सेकंद शिळं. तीन वर्षं त्यांना शटल दिसायचं ते जमिनीवर पडल्यावरच. शेवटी ऋजुतानं त्या डोळ्यांचा शेडर कंपायलर, म्हणजे चित्र रंगवायचं गणित आतल्या चिपला समजावून देणारा प्रोग्रॅमच बदलला. जे आकडे कुणाच्या नजरेत भरणार नाहीत, ते काढायचं त्यानं आज सकाळपासून सोडून दिलं होतं.

तिनं हळूच सर्व्हिस केली. आप्पा एक पाऊल मागे सरले, त्यांचं मनगट वळलं आणि शटल तिच्या कानाजवळून सूं करत गेलं. ती बघतच राहिली.

आप्पा रॅकेटकडे बघून कितीतरी वेळ हसत होते. मग घसा खाकरून ते पुन्हा गणिताचे मास्तर झाले.

"दहापैकी नऊ."

"एक मार्क गाळलेल्या दशांशांचा कापलात ना?"

"छे. शटल सोडलंस, त्याचा."