किटली उचलली की

सहा वाजून चार मिनिटांनी टेबलावरचा हिरवा दिवा लागला आणि त्याने रोखलेला श्वास सोडला. पलीकडे आईने चहाची किटली उचलली होती. म्हणजे आई उठली, चालतीफिरती आहे. सत्ताविसावा दिवसही निभावला.

त्याने लगेच फोन लावला. "चार मिनिटं उशीर झाला."

"अरे, म्हातारीला तोंड तरी धुऊ देशील?" आई म्हणाली. "तू चहा घेतलास का?"

"घेतो."

"म्हणजे नाही घेतलास. एकदा येऊन जा की इकडे. दोन गल्ल्या तर आहेत."

"रविवारी येतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

यंत्र त्याचं स्वतःचं होतं. पंधरा वर्षं लिफ्टदुरुस्ती केलेला माणूस तो. लिफ्टच्या दाराचा जुना स्विच, मोडक्या फोनमधलं सर्किट आणि साबणाचा डबा, एवढ्यात त्याने काम भागवलं. तिथे किटली उचलली की इथे दिवा लागायचा. बसवायला मात्र आईला भेटायला आलेल्या ताईला पाठवावं लागलं, कारण त्याची कंबर धरली होती. व्हिडिओ कॉलवर तो "लाल वायर, अगं लाल!" म्हणून ओरडत राहिला आणि ताई म्हणाली, "बस झालं हं, किती नाचवशील मला!"

एवढा खटाटोप खरं तर ताईपायीच होता. आई मध्यंतरी न्हाणीघरात घसरली, तेव्हापासून ताईने हेका धरला होता की आईला मी माझ्या शहरात नेणार. ऐकून त्याच्या काळजाचं पाणी झालं. बायको वारली त्याला आठ महिने झाले होते. आता आईही गेली तर त्याचं म्हणावं असं कोण उरणार? त्याने फोनवरच ताईच्या विनवण्या केल्या, दिव्याची कल्पनाही सांगितली.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "तीस दिवस रोज दिवा लागला तर आई इथेच राहील. एक दिवस जरी चुकला तरी मी तिला घेऊन जाणार."

तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता. पहाटे पाचला उठून दिव्यासमोर बसायचं, दिवा लागला की पुन्हा आडवं व्हायचं. दारात ठेवलेला जेवणाचा डबा दुपारी कधीतरी आत घ्यायचा आणि अर्धा तसाच टाकायचा. दाढी वाढली होती. अंगात त्राण म्हणून नव्हतं. पण दिव्याची वेळ त्याने एकदाही चुकवली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी दिवा लागला नाही.

सव्वासहा झाले. आई फोन उचलेना. त्याने कपाटाखालचे बूट ओढले आणि धूळ न झटकताच त्यात पाय खुपसले. दाराची वरची कडी घट्ट बसली होती. ती काढताना बोट सोलवटलं. रस्त्यावर उजेड डोळ्यांत खुपला. 'देवा, पडली नसू दे,' एवढंच म्हणत तो धावत सुटला.

आईचं दार सताड उघडं होतं. आई खुर्चीत बसली होती, अगदी धडधाकट. शेजारी ताई होती. ती आदल्या दिवशीच आली होती, याचा त्याला पत्ताही नव्हता.

"ताई, आजचा दिवस धरू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "जोड सुटला असेल, दोन मिनिटांत बसवतो. आईला नेऊ नकोस गं."

त्याने किटलीजवळचा यंत्राचा डबा उलटा केला. जोड शाबूत होता. वायर मात्र मधोमध कात्रीने कापलेली होती.

"तू कापलीस!" तो ताईवर भडकला. "दोन दिवस उरले असताना असली लबाडी? लाज नाही वाटली?"

 ताई पदराने डोळे पुसत होती.

"तिला कशाला बोलतोस? मला न्यायचं तिच्या मनातही नव्हतं, तसं म्हणायला मीच लावलं तिला. वायरही मीच कापली," आई म्हणाली, आणि उठून तिने त्याचे दोन्ही हात धरले. "आठ महिने झाले, राजा. आज पहिल्यांदा तू घराबाहेर पाऊल टाकलंस."