म्हातारीचा पाट

कमळाबाई मांडवात शिरली आणि पोरींनी एकदम मोबाईल वर केले. तिकडे दाराशी उभ्या असलेल्या गोदूबाईंच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन जाणारं दुखणं नव्हतं ते.

हळद त्यांच्या नातवाची, विपुलची. मांडव त्यांच्या शेलार गावातल्या घरासमोरचा. आणि गाणार कोण, तर राहनाळची कमळा! आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. ती धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणार, तेव्हा कुठे हळद लागणार. शेलारमध्ये हे काम उभी हयात गोदूबाईंनी केलं होतं. पण नवरी प्रियंका पडली भिवंडीची, शिकलेली. तिने कमळाला मोबाईलवर पाहिलं आणि निरोप धाडला, हळदीला हीच आजी पाहिजे.

"आये, घरच्या लगनात तू कशाला घसा फोडतंस?" मुलगा अनंता म्हणाला होता. "नवऱ्याची आजी हायस. मिरव जरा!"

मिरव म्हणे! काय मिरवायचं? नवं लुगडं?

ही कमळा शिकायला आली तेव्हा तिला दोन ओळी धड येत नव्हत्या. साठी उलटलेली बाई, नवरा गेलेला, घरात करमत नाही म्हणून आलेली. पण तिने तोंड उघडलं आणि गोदूबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं, ही आपल्या पुढ्यातलं ताट ओढणार. नाही म्हणायची सोय नव्हती. मागायला आलेल्या बाईला धवला नाकारू नये, अशी रीत. मग गोदूबाईंनी शिकवला, पण आत खोट घालून. देवांना बोलवायच्या धवल्यात गणपती येतो, एकवीरा येते, गावदेवी येते. त्यांच्या मधोमध त्यांनी आपल्या मनाची एक ओळ घुसडून दिली.

'मांडवाचे दारी गो कोन उभी म्हातारी, तिला बसाया पाट द्या गो.'

देवांच्या पंगतीत म्हातारी! जाणत्या बाया हसून लोळतील, कमळा तोंड लपवून घरी जाईल, असा त्यांचा बेत होता.

कसलं काय! कमळाला कल्याणपर्यंतची बोलावणी यायला लागली. साठीनंतरच्या बायकांच्या कुठल्याशा कार्यक्रमासाठी चॅनेलवाले तिची मुलाखत घेऊन गेले. सून मोबाईल पुढे करायची, "आत्या, एकदा बघा तरी." गोदूबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. कमळा गाणार असली की त्या लग्नाला त्यांचा नुसता आहेर जायचा. पाय दुखतात, असं सांगायचं.

आज मात्र पाय ठणठणीत होते. पाहुण्यांत जुन्या धवलारणी येऊन बसल्या होत्या. कमळाने ती ओळ घेतली रे घेतली, की चारचौघींत तिला अडवायचं. ही ओळ धवल्यात नाही म्हणायचं. तूच शिकवलीस असं ती म्हणालीच, तर विश्वास कोण ठेवणार? गोदूबाई आणि चुकल्या? छे!

कमळाने सूर लावला. मेलीचा आवाज या वयातही कापत नव्हता. गणपती आला. एकवीरा आली. गोदूबाईंनी पदर खोचला.

'मांडवाचे दारी गो कोन उभी म्हातारी...'

"थांब गो कमळे!" गोदूबाई ओरडल्या.

कुणी ऐकलंच नाही. कारण सगळा मांडव उभा राहिला होता आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे, त्यांच्याकडेच वळली होती. नवरा मुलगा मुंडावळ्या सावरत आला. त्याच्या हातात फुलांची माळ गुंडाळलेला पाट होता.

"चल, आजी."

"कुठं?"

"पाटावर! कमळाआजी गाते त्या हळदीला आता घरातल्या थोरलीला पहिली बसवतात. ही ओळ आली की पाट मांडायचाच. तुला ठावं न्हाय?" विपुलने त्यांचा दंड धरला. "प्रियंकानं त्याच्यासाठीच तर कमळाआजीला आनायला लावलंय. तुझी आजीच गायली तर तिला पाटावर कोन बसवनार, बोलली."

इतक्या लग्नांत गोदूबाईंनी देवांना आवतण दिलं, पण त्यांना स्वतःला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. विधवा बाई, तिने कोपऱ्यातून गायचं आणि हळद लागायच्या आधी बाजूला व्हायचं. आज विपुलने त्यांना मांडवाच्या मधोमध बसवलं. हळदीचं पहिलं बोट त्यांच्या गालाला लागलं. ओली, थंड हळद. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या.

"काय ओळ हाय गो!" मागून एक जुनी धवलारीण डोळे पुसत म्हणाली. "कमळेनी सोनं केलं बघ लगनाचं."

कमळेनी! गोदूबाईंचे डोळे तिथल्या तिथे सुकले. सगळे मोबाईल कमळाकडे. सगळी वाहवा कमळाला. आणि ओळ कुणाची? ती माझी, मी जोडलेली, माझ्या तोंडची, हे ओरडून सांगायला त्यांची जीभ वळवळायला लागली.

पण मग ती कशासाठी जोडली, तेही सांगावं लागलं असतं. आणि ते सांगून पाटावर बसून राहता आलं नसतं.

कमळाने तीच ओळ पुन्हा घेतली. गोदूबाईंनी मांडी आणखी घट्ट घातली.