अस्सल हातची वही

अशी कल्पना करा, की तुम्ही एका बंद दाराबाहेर उभे आहात. आतून ठक ठक आवाज येतोय. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम "शी!" दाराखालच्या फटीतून खळीचा आंबूस वास येतोय. आता दार वाजवून बघा.

"कोण आहे? आत यायचं नाही!"

ही खार. वय वर्षं दहा. कागदाचा कपटा दिसला की उचलून साठवायचा, म्हणून घरात हे नाव पडलेलं. गेले दहा दिवस शाळेतून आली की ती अशी दार लावून बसायची.

कारण रविवारी आत्याचा साठावा वाढदिवस होता. आत्याने चाळीस वर्षं वह्या-पुस्तकं बांधायचं काम केलं. आता तिने दुकान बंद केलं होतं आणि आपली हत्यारांची पेटी ती दोन भाचरांपैकी एकाला देणार होती. अट एकच. "मला स्वतःच्या हातांनी बांधलेली वही भेट द्या. ज्याचं काम अस्सल, त्याची पेटी."

पेटीत लहान-मोठी दाभणं होती, पितळी मुठीची सुरी होती आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी होती, वापरून वापरून साबणासारखी गुळगुळीत झालेली. खारीला ती पट्टी स्वप्नात दिसायची.

दुसरं भाचरू म्हणजे खारीचा दादा. त्याला पेटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की यंदा तरी आपली फजिती होऊ नये. गेल्या वर्षी त्याने "मी बनवलाय" म्हणून आत्याला लाकडी पेनस्टँड दिला. आत्याने तो उलटा केला, तर बुडाला दुकानाचं लेबल! तेव्हापासून घरातले सगळे त्याला 'कारागीर' म्हणायचे. "कारागीर, जेवायला चला!" "कारागीर, केर काढा!"

"मग, यंदा काय बेत कारागिरांचा?" आईने विचारलं.

"चाललंय माझं," दादा म्हणाला आणि बॉल काखेत मारून खेळायला पळाला.

शनिवारी संध्याकाळी खारीने दार किलकिलं करून दादाला आत बोलावलं. पाच मिनिटांनी तो अंगठा पँटला पुसत बाहेर आला.

"काय दाखवलं रे तिने?" आईने विचारलं.

"वही."

"कशी झालीय?"

"बरी आहे." दादाचं बोलणं नेहमी एवढंच.

रविवारी आत्या आली ती पर्समध्ये भिंग घेऊनच. टेबलावर दोन वह्या होत्या.

आधी तिने खारीची घेतली. कोपरे काटकोनात, टाके एकसारखे, कापड कुठे सुरकुतलेलं नाही. आत्याने वही तीनदा उलटीसुलटी केली. लेबल शोधलं. ते नव्हतं.

"कुठल्या दुकानातून आणलीस?"

"मी केलीय, आत्या."

"खारुताई, असा टाका यायला मला पाच वर्षं लागली होती. आणि तुला दहा दिवसांत?"

"अहो वन्सं, रोज दार लावून बसायची हो ती," आई मध्ये पडली.

"दाराआड काय चालतं, ते दारालाच माहीत!"

खारीने मान खाली घातली.

मग आत्याने दादाची वही उचलली. ती टेबलावर सरळ पडायलाच तयार नव्हती. पुठ्ठा एकीकडून पानांपेक्षा मोठा, दुसरीकडून छोटा. दोऱ्याने एक भोक सोडलं होतं आणि पुढच्या भोकात दोनदा शिरून त्याची भरपाई केली होती. मागच्या बाजूला खळीत उमटलेला एक ठसठशीत अंगठा.

आत्याने भिंग काढलं. "आण रे हात." तिने दादाचा अंगठा ठशाशेजारी धरला. रेघ न् रेघ जुळली.

आत्याचे डोळे भरून आले. "बघा! याला म्हणतात हाताचं काम. असलं ध्यान कुठला दुकानदार विकायला ठेवेल? पोरगं चुकलंय, चिडलंय, तरी सोडलं नाही त्याने. माझी पहिली वही अगदी अशीच होती. चाळीस वर्षं झाली, मला कोणी फसवायचं नाही!"

तिने पेटी उचलली आणि दादाच्या हातात दिली. "कारागीर आहेस," ती म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

खार तोंडावर हात दाबून खोलीत पळाली. तिचे खांदे गदगदा हलत होते.

"जा रे, समजूत काढ तिची," आई हळूच म्हणाली. "बिचारी!"

दादा पेटी घेऊन आत गेला. त्याने दार नीट लावून घेतलं आणि ठरल्याप्रमाणे पेटी खारीच्या मांडीवर ठेवली.

"घे. पण पुढच्या वेळी जरा लवकर हात चालव. दोन वह्यांना दहा दिवस म्हणजे फारच झाले. माझा जीव टांगणीला लागला होता."

खारीने हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. पेटी उघडली आणि हाडाची पट्टी गालावरून फिरवून पाहिली.

"माझी वही दोन दिवसांतच झाली होती," ती म्हणाली. "बाकीचे आठ दिवस तुझी वाकडी करण्यात गेले."