नावं जशीच्या तशी

नंदुरबारच्या वाचनालयात हेमकांत सरांचा सत्कार रंगात आला होता. पंचावन्न रहस्यकादंबऱ्या, खांद्यावर शाल, समोर गच्च भरलेलं सभागृह. कुणीतरी विचारलं, सर, तुमची पात्रं इतकी खरी कशी वाटतात?

"सोपं शे," सर माइकवर हसले. "डोंगरात आश्रमशाळेवर मास्तर होतो तेव्हा माणसं पाहिली, ती नावासकट उचलली. डोंगरमा पुस्तक कोन वाचस, भो?"

सभागृह खो खो हसलं. दुसऱ्या रांगेतल्या जागृतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक व्यासपीठावर चढली आणि पिशवीतून तिनं सरांचीच कादंबरी काढली, 'काळ्या घाटाची डाकीण'. सरांचं सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक. त्यातली पोरं खाणारी डाकीण म्हणजे रूपलीबाई. गाव, घर, दारातलं मोहाचं झाड, सगळं खरं. सर हिवतापानं पडले होते तेव्हा याच रूपलीबाईनं त्यांना महिनाभर पेज पाजली होती. ते काही पुस्तकात आलं नाही.

सरांनीच वाचायला शिकवलेल्या पोरांनी ते पुस्तक गावात मोठमोठ्यानं वाचलं. पुढच्या पावसाळ्यात साथीनं दोन मुलं गेली आणि गावानं रूपलीबाईचं घर पेटवून दिलं.

"कोनी पोर शे तू, बेटा?" सरांनी सहीसाठी पेन उघडलं.

"रूपलीबाईची नात."

पेन थबकलं. मग सर चक्क खूश झाले. "रूपली! जित्ती शे का आजून?"

पुस्तक यांच्या तोंडावर फेकून मारावं, असं जागृतीला वाटलं. दातओठ खात तिनं ते उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"सही नको. हे पान वाचा. माइकवर."

"आत्ता? अगं, कार्यक्रम चालू आहे..."

"वाचा, सर. आजी शेवटच्या रांगेत बसलीय. गावानं आपल्याला डाकीण ठरवून घर का जाळलं, ते तिला अजून माहीत नाही. मराठी तिला कळत नाही. तुम्ही एकेक ओळ वाचा, मी तिला आमच्या बोलीत सांगते."

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेतली म्हातारी मास्तरांकडे बघून तोंडभर हसली, आणि तिनं हात जोडले.