क्रुसावर हात

"पप्पा, जाळं माझ्याकडनं फाटलंय," जोएल म्हणाला, तेव्हा इनास चर्चच्या वार्षिक सणाच्या, फेस्ताच्या, पताका दोरीला लावत होता. त्याने हात थांबवला नाही.

"कुनी बघितलं?"

"न्हाय. अंधूक व्हतं. जाळ्याच्या खुणेला तरंगत्या बाटल्या व्हत्या, त्या दिसल्या न्हायत, होडी वरनंच गेली. हरेश्वरकाकाचं नवं जाळं. पार चिंध्या झाल्यात."

"मग गप बस."

जोएल तसाच उभा राहिला. मग इनासने त्याला समजावलं, तेही अगदी मायेने. गेल्या फेस्ताला चर्चच्याच कमिटीतल्या दोघांनी दारू पिऊन भर मांडवात एकमेकांची डोकी फोडली होती. तेव्हापासून रेवदंड्याच्या बाजारातसुद्धा किरिस्ताव दिसला की लोक हसू दाबत. यंदा फेस्त भरवण्याचा मान इनासकडे आला होता. त्याच्याच पोराने कोळ्याचं जाळं फाडलं, हे बाहेर पडलं की संपलंच. चर्चची उरलीसुरली अब्रू आपल्याच हातांनी वेशीला टांगायची?

"तुझं काय न्हाय जायचं रं. नाव चर्चचं जाईल," तो म्हणाला.

जोएल निघून गेला. त्यानंतर तो सकाळी घराबाहेर पडायचा तो दिवेलागणीला परत यायचा. जेवणात त्याचं लक्ष नसायचं. पोरगा शरमलाय, इनासने ताडलं. बरंच आहे, शरमेने माणूस सुधारतो.

आणि एका दुपारी हरेश्वर अंगणात येऊन उभा राहिला. "इनासभाव, त्या पहाटे तिकडं तुझीच होडी व्हती. संध्याकाळी क्रुसापाशी येशील? पंचबी येतील."

किनाऱ्यावरचा तो दगडी क्रूस चर्चने बांधलेला खरा, पण होता सगळ्या वाडीचा. नवी होडी पाण्यात घालताना कोळणी त्याला हार घालत. ज्या भांडणाला साक्षीदार नाही, ते त्याच्यापाशी मिटे. होडीच्या वतीने होडीचा मालक क्रुसावर हात ठेवी आणि तो बोलेल ते खरं. त्यावर पुन्हा कुणी अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत होती.

संध्याकाळी सगळी वाडी जमली. गेल्या फेस्तापासून चर्चच्या नावाची काळजी लागलेले फादरही आले होते. मागे माडाला टेकून जोएल उभा होता. इनासला त्याचा भयंकर राग आला. हा कशाला कडमडला इथे? तोंडावरून कुणी ओळखलं म्हणजे?

हरेश्वर पुढे आला. "इनासभाव, माझं जाळं तुझ्या होडीनं फाटलं काय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "येळ घे. फाटलं असंल तर फाटलं. दर्यात व्हतं असं."

इनासला ही नरमाई बावळटपणाची वाटली. इतक्या मवाळ माणसाला फसवायचं, म्हणून क्षणभर वाईटही वाटलं. त्याने डोळे मिटले. प्रभू, तुझ्याच घराच्या अब्रूसाठी, असं तो मनात म्हणाला आणि त्याचं त्याला ते पटलंसुद्धा. त्याने क्रुसावर हात ठेवला. दगड अजून उन्हाने गरम होता.

"माझ्या होडीनं न्हाय फाटलं."

हरेश्वरच्या बायकोने, बायजाने, पदर तोंडाला लावला. हरेश्वर वाळूकडे बघत राहिला. मग तो पंचांकडे वळला.

"माझंच चुकलं. खडकात अडकून फाटलं असंल. इनासभावचा काय दोष न्हाय." त्याने क्रुसाला हात जोडले. मागोमाग सगळ्यांनी जोडले आणि माणसं पांगली.

इनास घरी आला तो पिसासारखा हलका होऊन. किती हा विश्वास! त्याला भरून आलं. फादरना उगाच काळजी. आपल्या माणसाच्या शब्दाला वाडीत अजून किंमत आहे. फेस्ताच्या आमंत्रणाला हरेश्वरच्या घरापासूनच सुरुवात करायची, असं त्याने ठरवून टाकलं. मोठेपणा दाखवायला आपलं काय जातं?

दुसऱ्या दिवशी घरच्या केकचा डबा घेऊन तो कोळीवाड्यात गेला. हरेश्वरच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. एका टोकाला हरेश्वर बसला होता. दुसऱ्या टोकाला खाली मान घालून जोएल जाळं सांधत होता. बायजा त्याच्यापुढे चहा ठेवत होती.

"हा हितं काय करतोय?" इनासने विचारलं.

"रोजच येतो," बायजा म्हणाली. "फाटलं त्याच दिवशी पंचांम्होरं येऊन कबूल झाला पोरगा."

इनासला डबा कुठे ठेवावा कळेना. "मग मला क्रुसापाशी कशाला बोलावलंत?"

जोएलने मान वर केली नाही. उत्तर हरेश्वरने दिलं.

"त्यानंच बोलवायला लावलं. मी म्हनलो, मिटलंय, बापाला कशाला तरास? तर म्हनतो, माझा पप्पा क्रुसाव हात ठेवून खोटं बोलायचा न्हाय. सगळ्या वाडीला बघू दे, म्हंजे लोक मागच्या फेस्ताचं इसरतील." त्याने सुतळीची गाठ आवळली. "सगळी वाडी तेच बघाया आली व्हती, इनासभाव. तू हात ठेवून बोललास. आता क्रूस खोटा पडू नये, म्हनून मी खडकाचं नाव घेतलं."